उन्हाचं भाडं

आमच्या घरी पापड कधी विकले गेले नाहीत. आई पापड ‘करून देत’ असे. या दोहोंत फरक काय, असं त्या काळी मला कोणी विचारलं असतं तर मी त्याला समोर बसवून चांगली समजूत घातली असती.

वडील नगरच्या कोर्टात कारकून होते. ते गेल्यावर काही दिवस मामाच्या मनिऑर्डरींवर निघाले. मग ओळखीच्या एका डॉक्टरांकडे मुंज निघाली आणि डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, “तुमच्या हाताला चव आहे. आमचे तेवढे पापड करून द्याल का?” त्यांच्याकडून उडदाचं पीठ आलं, मिरे, हिंग, पापडखार, तेल, सगळं आलं. आईने पापड करून दिले. चार दिवसांनी त्यांच्याकडून शिधा आला, दिवाळीला पातळ आलं, आणि एकदा निघता निघता त्यांनी आईच्या मुठीत काहीतरी कोंबलं. “मुलीला खाऊ,” असं त्या म्हणाल्या. मुलगी तेव्हा आईपेक्षा वीतभर उंच होती.

एका घरावरून दुसऱ्या घराला कळलं. वकिलांकडचं रुखवत, मामलेदारांच्या मुलीचं डोहाळजेवण, कुणाच्या मुंबईच्या भावासाठी डबा. दर उन्हाळ्यात आमच्या माळवदावर पापडच पापड असत. मजुरी हा शब्द मात्र कुणी काढला नाही. आईने काढणं तर शक्यच नव्हतं. ती इतकी भिडस्त होती की भाजीवाल्याने सडकं वांगं घातलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते पिशवीच्या तळाशी सरकवून घरी आणायची. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण झाले, पगार आणू लागले, तरी त्यावर दोघींचं भागत नव्हतं. ते भागत होतं माळवदावर. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो.

फाळणीनंतर सिंधी लोक नगरला आले. त्यांना गावाबाहेरच्या जुन्या लष्करी बराकींत ठेवलं होतं. आरंभी गावाला त्यांचा मोठा कळवळा. लोकांनी भाकऱ्या नेऊन दिल्या, चादरी दिल्या, आम्ही शाळेत जुने कपडे गोळा केले. मग ते लोक विकायला लागले आणि कळवळा ओसरला. फण्या, बुटांच्या नाड्या, गोळ्या-बिस्किटं, कापडाचे तुकडे, जे मिळेल ते खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली हिंडत. कापडबाजारातले दुकानदार दुपारी फळ्या लावून घटकाभर आडवे होत, नेमके तेव्हाच हे त्यांच्या दारासमोर पथारी मांडत. “नफा घेत नाहीत, झोप घेत नाहीत, हे कसले व्यापारी,” असं बाजार म्हणू लागला. गिऱ्हाइकं काही म्हणत नव्हती. ती तुकडे घेऊन चालू लागत.

फाळणीनंतरचा दुसरा उन्हाळा असावा. होळी होऊन गेली होती. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गल्लीत उभी होती आणि घरांच्या दारांकडे न बघता माळवदांकडे बघत होती. सलवार-कुडता, वर जाडसर ओढणी, चाळिशीची, उन्हाने रापलेली. आई वर पापड उलटत होती.

“माई, ऊपर आऊं?” ती बाई म्हणाली, आणि उत्तर यायच्या आत जिना चढून आली.

तिने माळवद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. जमिनीला हात लावून पाहिला. मग आईसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “माई, धूप का क्या लोगी?”

आईला हिंदी येत नव्हतं असं नाही, पण प्रश्नच कळेना. मी सांगितलं, तिला पापड वाळवायला आपलं माळवद भाड्याने हवंय.

“उन्हाचं भाडं?” आई म्हणाली. “उन्हाचं कधी कुणी भाडं घेतं का?”

मग त्या बाईने मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. सिंधमध्ये तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान होतं. इथे तो तुकडे विकत हिंडे, पण पायांनी अधू होत चालला होता. ती पापड करी. बराकींसमोर दिवसभर लष्कराच्या लॉऱ्या जात आणि पापडांवर धूळ बसे. दाताखाली कच आली की गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कॅम्पातलं रेशन बंद होणार होतं. ज्यांचा गावात धंदा बसलाय त्यांनी गावात राहायचं, बाकीच्यांची रवानगी कल्याणकडच्या मोठ्या कॅम्पात. नगरपालिका मंडईच्या मागे निर्वासितांना टपरीपुरती जागा देत होती, पण अनामत भरावी लागणार होती आणि तिची मुदत ठरलेली होती.

“इधर रहना है,” ती म्हणाली. “दो बार सामान बांधा. अब नहीं बांधूंगी.”

आईने भाडं घेतलं नाही. माळवद मात्र दिलं. मधोमध काथ्याची दोरी बांधली. अलीकडे आमचे पापड, पलीकडे तिचे. आईचं सोवळं तसं फार कडक नव्हतं, पण दोरीपुरतं होतं.

ती रोज उजाडायच्या सुमाराला येई. आई लाटीला लाटी सारखी व्हावी म्हणून पिठाची वळकटी करून दोऱ्याने कापी. त्या बाईचं तसलं काही नव्हतं. हातानेच गोळा तोडी, दोनदा उलटापालटा करी आणि लाटणं असं फिरवी की पापडाखालची पोळपाटाची रेघ दिसावी. मिरे ती अर्धवट कुटूनच घाली. “खडे घातल्यासारखे दिसतात,” आई मला हळूच म्हणायची. आणि तिला म्हणायची, “छान झालेत हो.”

आमच्या जिन्यावर कुणी आलं की आई गूळपाणी देई. ती बाई एकदा दोरीपलीकडून म्हणाली, आमच्याकडे पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात, मग काय काम आहे ते विचारतात. आईला हे फार विचित्र वाटलं. पापड पानातला, तो पानाआधी कसा?

वैशाख लागला तसं मला एक दिसायला लागलं. दोरीपलीकडे पापड वाढत होते आणि अलीकडे कमी होत होते. वकिलांकडून यंदा पीठ आलंच नाही. मामलेदारीणबाई देवळात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “काय करणार, मंडईत आयते मिळतात. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?” डॉक्टरीणबाईंनी तेवढे रुखवतासाठी करून घेतले, मोठा थोरला डबाभर. ते जाऊन महिना झाला तरी त्यांच्याकडून खाऊ आला नव्हता.

मी आईला स्पष्ट म्हटलं, “तिला सांग, माळवद आम्हाला लागतं. आपण आपल्याच पोटावर पाय देतोय.” मला ते तेव्हा बरोबर वाटत होतं आणि आजही त्यात काही चूक दिसत नाही.

आई म्हणाली, “तिची मुदत होऊन जाऊ दे. मग सांगते.”

ती सांगणार नव्हती, हे मला माहीत होतं.

मुदतीच्या आधीचा शेवटचा बाजाराचा दिवस आला. त्या दिवशी सकाळी ती बाई आली ती धावतपळतच. नवऱ्याला हिवताप भरला होता, कॅम्पाच्या दवाखान्यात त्याच्यापाशी दुसरं कुणी नव्हतं. पापड भरलेल्या दोन मोठ्या टोपल्या आमच्याकडे होत्या. एवढे आज विकले गेले तर अनामत पुरी होत होती, नाहीतर नाही.

“माई, एक दिन बैठ जाओ,” ती म्हणाली. तिने आईला शेकड्याचा भाव सांगितला. सुटे कितीला, तेही सांगितलं. आईने दोन्ही भाव तिला म्हणून दाखवले, एखादी आरती पाठ झाल्याचं सांगावं तसे.

माझा विश्वासच बसला नाही, पण आई खरंच निघाली. तिला नाही म्हणता येत नव्हतं हेच खरं. शाळेत निकालाचं काम होतं म्हणून मी दुपारपर्यंत अडकले. तिथून थेट मंडईत गेले तर दोन्ही टोपल्या जवळजवळ रिकाम्या. आई पदराने वारा घेत प्रसन्न बसली होती.

“बघ,” ती म्हणाली. “हातोहात गेले.”

मी पैशांचं फडकं उघडलं. त्यात जेमतेम चिल्लर.

शेजारी कांदे घेऊन बसलेली शेतकरीण माझी वाटच बघत असावी. “बाई, तुमी आलात ते लई बरं झालं,” ती म्हणाली. “ह्या काकूंनी समदं वाटून टाकलं बगा. येईल त्यो वळकीचा. ‘कशा हायेत, पोरं बरी हायेत का’, आन् द्या पापड. मी म्हनलं, आवो काकू, पैसं मागा. तर मलाच गप करत्यात.”

“पैसे दिले की काही जणांनी,” आई म्हणाली.

“ती जामखेडची मानसं व्हती, त्यास्नी तुमी वळकत नव्हता,” कांदेवाली म्हणाली.

नगरसारख्या गावात आईचा जन्म गेला होता. बाजाराच्या दिवशी मंडईत अर्धं गाव येतं, आणि त्या अर्ध्यातले निम्मे आईच्या ओळखीचे. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, वकिलांचं कुटुंब, माझ्या शाळेच्या हेडबाई, वडिलांबरोबरचे कोर्टातले कारकून. कुणी नुसतं टोपलीकडे बघितलं की आई म्हणे, न्या ना, घरचेच आहेत. घ्यायला कुणी नको म्हटलं नाही. कुणाला वाटलं असेल, आज आईचा काही नेमधर्म आहे. कुणाला काहीच वाटलं नसेल.

आम्ही घरी निघालो. आई म्हणाली, “ओळखीच्या माणसाकडून कसे ग घ्यायचे?” आणि मग ती रस्त्यातच थांबली. तिच्या लक्षात आलं होतं. तिचा चेहरा मला बघवेना. मला राग आला होता, पण तिचा नव्हे. कुणाचा ते मला धड सांगता आलं नसतं.

दिवेलागणीला ती सिंधी बाई आली. नवऱ्याचा ताप उतरला होता. आईने तिला आत बसवलं, पाणी दिलं, आणि चुलीवर एक पापड भाजून पाण्याशेजारी ठेवला. मग सगळं सांगितलं. ती बाई ओरडली नाही. पापडाला मात्र तिने हात लावला नाही.

“किसको किसको दिया, मालूम है?” तिने विचारलं.

आईला एकूण एक घर माहीत होतं.

“फिर तो उधार है,” ती म्हणाली.

“उधार नाही,” आई म्हणाली. “दिले.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या दाराची कडी वाजायला लागली. वकिलांकडून गुळाची ढेप आली. हेडबाईंनी मेतकूट पाठवलं. कारकुनांच्या घरून उडीद आले, कुणाकडून चिंच. डॉक्टरीणबाईंकडून परसातल्या कैऱ्या आल्या आणि सासूबाईंच्या हातच्या शेवया. आमच्या लोकांत कुणाचं फुकट घेऊन कुणी स्वस्थ बसत नाही, त्या बाबतीत सगळे चोख. आईचा जीव भांड्यात पडला. दुपारी ती बाई पापड काढायला आली तेव्हा आईने तिला ओसरी दाखवली. “बघा, आलं की नाही सगळं परत?”

ती बाई कैऱ्यांकडे बघत राहिली. नगरपालिका अनामत कैऱ्यांत घेत नव्हती.

“ये सब मेरा है?” तिने विचारलं.

“तुमचंच.”

तिने ओढणीला गाठ मारली, कैऱ्या लहान-मोठ्या निवडल्या, गुळाची ढेप फोडली, शेवयांच्या जुड्या केल्या, आणि सगळं टोपल्यांत भरून घेऊन गेली. आईला वाटलं, कॅम्पात नेतेय, चार तोंडं खातील. दुसऱ्या दिवशी मंडईत तो सगळा माल मांडलेला होता. नीट, ढिगाढिगाने, हिरवा पाला लावून.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आमच्या दारात उभ्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

“आमच्या शेवया मंडईत आहेत,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंच्या हातच्या. मोलकरणीने ओळखल्या आणि मला येऊन सांगितलं. आम्ही तुम्हाला प्रेमाने पाठवायचं आणि तुम्ही ते त्या निर्वासित बाईला बाजारात विकायला द्यायचं?”

आई म्हणाली, “पापड तिचे होते.”

“कुठले?”

“परवा मंडईत मी दिले ते. माझे नव्हते, तिचे होते. तिला अनामत भरायचीय.”

डॉक्टरीणबाईंनी कनवटीची पिशवी काढली. “मग पैसे हवे होते तर तसं सांगायचं होतंत. आम्ही काय बुडवणार होतो? किती?”

मी आत उभी होते. मला वाटलं, आता ही म्हणणार, राहू द्या हो, त्यात काय. आणि मुदत तर दुसऱ्या दिवसाची होती.

आईने भाव सांगितला. इतक्या हळू की डॉक्टरीणबाईंनी “अं?” केलं. आईने पुन्हा सांगितला, या वेळी गल्लीत ऐकू जाईल असा. डॉक्टरीणबाईंनी पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. त्या वळणार तोच आई म्हणाली, “आणि रुखवताचे केले होते, त्यांची मजुरी राहिलीय.”

तो शब्द आमच्या घरात प्रथम उच्चारला गेला. डॉक्टरीणबाईंचं तोंड लाल झालं. पण त्यांनी दिली. मोजून दिली आणि गेल्या. त्यांच्याकडून पुन्हा कधी पीठ आलं नाही.

आई कडी लावून आत आली आणि माजघरात भिंतीला टेकून बसली. मी तिच्याजवळ बसले. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की रडूच आलं, आणि मी रडते म्हणून तीही रडायला लागली. मग ती उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, “चल, वकिलांकडेही जाऊन येऊ.”

अनामत मुदतीच्या दिवशी भरली गेली. त्यात पापड होते, गूळ होता, कैऱ्या होत्या आणि बहुधा शेवयासुद्धा. मंडईच्या मागे पत्र्याची एक टपरी उभी राहिली. कॅम्प उठला तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला कुठे जावं लागलं नाही. गावातली काही घरं मात्र आमच्याशी त्यानंतर थोडी आखडूनच वागली. हळदीकुंकवाला आईला तसंही कुणी बोलावत नव्हतं, आता मुंजी-लग्नांची आमंत्रणंही कमी झाली. पीठ मात्र पुन्हा येऊ लागलं, नव्या घरांतून, आणि पिठाबरोबर मजुरी किती असा प्रश्नही.

मृगाच्या आधी ती बाई टोपल्या न्यायला आली. माळवद झाडून घेतलं, काथ्याची दोरी सोडून गुंडाळून आईच्या हातात दिली. मग पहिल्या दिवशी बसली होती तशीच आईसमोर उकिडवी बसली.

“माई, धूप का क्या लोगी?”

मला वाटलं, रीत म्हणून विचारतेय. आईने माझ्याकडे पाहिलं, मग माळवदाकडे पाहिलं, आणि सगळ्या उन्हाळ्याचं मिळून एक भाडं सांगितलं.

त्या बाईचे डोळे मोठे झाले. “इतना? माई, धूप तो भगवान की है,” ती म्हणाली, आणि सांगितल्याच्या निम्म्यावर आली.

आईशी त्याआधी कुणी कधी घासाघीस केली नव्हती. तिने पदर खोचला, दोरीचं भेंडोळं मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “देवाचं ऊन आहे, पण माळवद माझं आहे.”

जिन्यात उभी राहून मी ऐकत होते. त्यांचं बराच वेळ चाललं. आई एक पैसाही खाली आली नाही.